दारणेच्या फुगवट्यात सुटलेले तीन शिवडे: क्रँकबेट आणि ड्रॅगचं एक प्रकरण

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी सात ते साडेनऊ या अडीच तासांत माझ्या भाच्याच्या गळाला तीन शिवडे (बिनखवल्यांचे मोठे शिकारी मासे) लागले आणि तिन्ही सुटले. मी शेजारीच उभा होतो. तिसरा गेल्यावर त्याने रॉड काठावर टेकवला आणि म्हणाला, "मामा, आज नशीबच नाही." मला ते पटलं नाही. एकाच हातात, एकाच रॉडवर, एकाच ल्यूरला (खोट्या आमिषाला) तीन मासे ओळीने सुटतात तेव्हा कारण सामानात शोधावं लागतं. सातपूरच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये इतकी वर्षं काढल्यावर एक सवय अंगात मुरली आहे: तुटलेला भाग फेकायचा नाही, डबीत ठेवायचा. त्या दिवशीही ल्यूर, वाकलेला हुक आणि तुटलेला लीडर (ल्यूरच्या आधीचा दोरीचा शेवटचा तुकडा) मी डबीत टाकून घरी आणला. पुढचं सगळं त्या डबीतून निघालं.

आधी जागा सांगतो. नाशिकहून पाथर्डी फाटा, विल्होळी, वाडीवऱ्हे असं महामार्गाने जायचं आणि आत वळायचं. दारणा धरण १९१६ सालचं. त्याचं पाणी खाली नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यापर्यंत जातं आणि तिथून गोदावरीच्या दोन्ही कालव्यांना मिळतं. हे आवर्तन सुटलं की फुगवट्याचं पाणी उतरू लागतं आणि पावसाळ्यात बुडालेली बाभळीची खोडं, जुने बांध, दगडी कडा हळूहळू वर येतात. शिवडा अशाच कडेला लागून फिरतो, आणि दोन-अडीच मीटर खोल जाणारं क्रँकबेट (माशाच्या आकाराचं टणक ल्यूर) तिथे घासत, अडखळत नेलं की तो हल्ला करतो. मासेमारीचा ठेका ज्यांच्याकडे आहे त्यांच्या माणसाला विचारून, पावती करूनच आम्ही बसतो, आणि शिवडा मिळाला तर परत सोडतो. त्याची संख्या सगळीकडेच घटते आहे.

भाच्याचं सामान असं: सात फुटी कडक रॉड, ४००० साइझचं स्पिनिंग रील, २० पौंडी (तेवढ्या ताणाला तुटणारी) ब्रेडेड, म्हणजे विणलेली दोरी, पुढे १२ पौंडी फ्लुरोकार्बनचा हातभर लीडर, आणि सात सेंटिमीटरचं क्रँकबेट, त्याला सहा नंबरचे दोन बारीक ट्रेबल (तीन टोकांचे) हुक. यात एकही वस्तू वाईट नाही. दुकानातून प्रत्येक वस्तू चांगलीच घेतलेली.

पहिला मासा दहा सेकंदांत सुटला. जोरात ठोका बसला, रॉड वाकला, रीलने एक तुटक 'कर्र' आवाज काढला आणि दोरी सैल. ल्यूर परत आलं तेव्हा मागच्या ट्रेबलचं एक टोक सरळ उघडलेलं होतं.

दुसरा अगदी काठापर्यंत आला. दोन मीटरवर त्याचं रुंद डोकं मला स्पष्ट दिसलं, तीन-साडेतीन किलोचा असावा. काठ बघून तो वळला, शेपटीचा एक तडाखा मारला, आणि ल्यूर उडून आमच्या पायाशी येऊन पडलं. या वेळी नवा कुठला हुक उघडला नव्हता. पुढच्या ट्रेबलच्या टोकावर कातडीचा पातळ, पांढरट तुकडा अडकलेला होता. शिवड्याला खवले नसतात. हा तुकडा जबड्याच्या बाहेरच्या मऊ कातडीचा होता, म्हणजे हुक तोंडात बसलाच नव्हता.

तिसऱ्या वेळी ल्यूरच गेलं. मासा खोडांच्या दिशेने निघाला, भाच्याने रॉड घट्ट धरून अडवला, आणि लीडर गाठीशी तुटला. सुदैवाने ल्यूर तरंगणारं होतं, पंधरा मिनिटांनी वर आलं. माशाच्या तोंडात ते राहिलं नाही याचं मला जास्त समाधान वाटलं.

घरी परतेपर्यंत तीन घटनांना तीन कारणं लागली होती. एक मित्र म्हणाला हुक बदला, जाड तारेचे लावा. दुसरा म्हणाला तू झटकाच नीट देत नाहीस, म्हणून हुक कातडीत अडकतो. तिसऱ्याचं मत होतं १२ पौंडी लीडर पोरखेळ आहे, २५ चा लाव. प्रत्येकाने एकेक मासा घेऊन त्याचं उत्तर दिलं आणि प्रत्येक उत्तर त्या माशापुरतं बरोबर वाटत होतं. पण हुक उघडणं, कातडी फाटणं आणि गाठ तुटणं या तिन्हींत एक गोष्ट समान आहे. तिन्ही वेळा दोरीवर ताण जास्त आला, आणि जो भाग त्या क्षणी सर्वांत कमजोर होता तो गेला. ताण किती येऊ द्यायचा हे ठरवणारी वस्तू सामानात एकच असते, ती म्हणजे ड्रॅग, रीलमधला ब्रेक, जो ठरवलेल्या ताणापलीकडे दोरी सुटू देतो.

"ड्रॅग कसा लावतोस?" मी विचारलं. त्याने रीलजवळची दोरी बोटाला गुंडाळून ओढून दाखवली. "असा. जड निघाली पाहिजे." बहुतेक जण असंच करतात, मीही अनेक वर्षं असंच केलं. पण बोटाला किलो कळत नाहीत.

त्या संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये आम्ही मोजमाप केलं. साधन एकच, प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकवाला डिजिटल काटा. आधी रॉड बाजूला ठेवून दोरी थेट रीलमधून ओढली. चालू असताना काटा १.९ किलो दाखवत होता. भाच्याचा चेहरा खुलला, कारण ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या पाव हिश्शापर्यंत ठेवायचा हे त्याला माहीत होतं, आणि २० पौंड म्हणजे नऊ किलो, त्याच्या चौथ्या हिश्शाच्याही आत आहे की!

मग दोरी रॉडवरच्या सगळ्या कड्यांतून ओवली, रॉड जमिनीशी पंचेचाळीस अंशांत धरायला सांगितला आणि टोकाकडून मी काटा धरून मागे सरकत गेलो. आता चालू ताण २.५ किलो. सेटिंगला हात लावलेला नाही, फक्त रॉड वाकला. वाकलेल्या रॉडच्या प्रत्येक कड्यावर दोरी थोडी वळते आणि घासते. विहिरीच्या रहाटाला दोराचा अर्धा वेढा दिला की घागर हलकी वाटते, तोच प्रकार इथे उलटा आपल्या अंगावर येतो. माशाला लागणारा ताण हाच, रीलजवळ बोटाला लागतो तो नव्हे. ड्रॅग मोजायचा तर रॉड वाकवूनच मोजायचा.

आणि मग तिसरी गोष्ट, जी बघून मी जमिनीवर बसलो. दोरी सुटण्याआधीच्या क्षणी काटा किती जातो ते पाहायचं ठरवलं. हळूहळू ओढत गेलो: २.५, २.८, ३.१, ३.४... आणि ३.६ वर 'कर्र' करून स्पूल (दोरी गुंडाळलेली चकरी) एकदम सुटला, आकडा धपकन २.५ वर आला. थांबलो, परत ओढलं. पुन्हा तेच. म्हणजे आपण अडीच किलोवर ड्रॅग लावलाय असं समजतो, पण मासा प्रत्येक वेळी पळायला लागतो तेव्हा त्याला आधी साडेतीन किलोची भिंत लागते. बंद पडलेली गाडी ढकलताना पहिला जोर जास्त लागतो, चाक फिरलं की कमी, तसंच हे. निरोगी ड्रॅगमध्ये हा फरक अगदी थोडा असतो. इथे तो एक किलोहून जास्त होता. सकाळी ऐकलेल्या त्या तुटक 'कर्र'चा अर्थ आता लागला.

दुसऱ्या दिवशी सामानाचं मोजमाप केलं. तसाच सहा नंबरचा नवा ट्रेबल व्हाइसमध्ये एका टोकावर पकडला आणि काट्याने ओढला. ३.३ किलोला टोक उघडायला लागलं. ट्रेबलची तीन टोकं माशात सहसा एकत्र बसत नाहीत, बहुतेक वेळा सगळा भार एकाच टोकावर असतो, म्हणून एकाच टोकाचा आकडा खरा. मग भाच्याने नेहमीसारखी गाठ मारली आणि लीडर ओढला. १२ पौंड म्हणजे ५.४ किलो, पण गाठ ३.७ ला तुटली. गाठ ओली न करताच आवळलेली होती. तोंडातल्या थुंकीने ओली करून, फेरे एकमेकांवर न चढवता सावकाश आवळलेली तीच गाठ नंतर साडेचारच्या पुढे टिकली.

आता आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. हुक ३.३ ला उघडतो, गाठ ३.७ ला जाते, आणि ड्रॅग सुटण्याआधी ३.६ पर्यंत चढतो. ड्रॅगचं काम दोरी, गाठ, हुक यांच्या आधी हार मानणं. या रीलवर तो हुकाच्या नंतर आणि गाठीच्या जेमतेम आधी हार मानत होता. आणि भाच्याने चौथा हिस्सा काढला होता तो ब्रेडचा, जी या साखळीतली सर्वांत मजबूत कडी होती. हिशोब कमजोर कडीपासून करायचा असतो. लीडर ५.४ चा, त्याचा पाव हिस्सा १.३५. म्हणजे वाकलेल्या रॉडवर सव्वा ते दीड किलो, तेही सुटतानाच्या झटक्यासकट.

रील उघडलं. ड्रॅगची नॉब पूर्ण फिरवून काढली, आतली तारेची कडी टाचणीने उचकली, आणि एकेक वॉशर काढून वर्तमानपत्रावर क्रमाने मांडला: लोखंडी, फेल्ट, लोखंडी, फेल्ट. (फोनवर फोटो आधी काढून ठेवा, क्रम चुकला की ड्रॅग लागतच नाही.) फेल्टच्या चकत्या दाबून कागदासारख्या झाल्या होत्या, कोरड्या, कडेला वाळलेल्या गाळाची रेघ. पाण्यात बुडालेलं रील पुसून, ड्रॅग आवळलेलाच ठेवून, अख्खा पावसाळा माळ्यावर पडून होतं. फेल्ट दबून एकदा लोखंडाला चिकटली की ती सुटताना अशीच झटक्याने सुटते. सवय लावायला दहा सेकंद लागतात: घरी आल्यावर नॉब पूर्ण सैल करून ठेवायची. नव्या फेल्टच्या चकत्या टाकल्या, ड्रॅगसाठीच मिळणारं पातळ ग्रीस बोटाने चोळलं. गाडीचं किंवा कारखान्यातलं घट्ट ग्रीस इथे चालत नाही, हेही सांगून ठेवतो, कारण भाच्याचा हात त्याच डब्याकडे गेला होता. जोडून पुन्हा मोजलं तेव्हा वाकलेल्या रॉडवर सुटताना १.५, चालू असताना १.३.

"मामा, हे फारच सैल आहे," तो म्हणाला. इथे प्रकरणाचं खरं मूळ सापडलं. हा मुलगा गळ टाकायला शिकला सिन्नरकडच्या पाझर तलावांवर आणि निफाडच्या शेततळ्यांवर, रबरी बेडूक टाकून मरळीसाठी. तिथे गवतात, जलपर्णीत मरळ बेडूक गिळते. तिचं तोंड हाडाचं, बेडकाचा दुहेरी हुक जाड, तो आत घुसवायला दणकून झटका द्यावा लागतो आणि नंतर मासा गवतात शिरण्याआधी ओढून काढावा लागतो. त्यासाठी कडक रॉड, ब्रेड आणि जवळजवळ बंद ड्रॅग हेच बरोबर आहे. त्याने तोच हात, तोच रॉड आणि तोच ड्रॅग क्रँकबेटला लावला. चूक आळसाची नव्हती. एका कामाचं शहाणपण दुसऱ्या कामाला लावलं, एवढंच.

क्रँकबेटचं गणित वेगळं आहे. ल्यूर आधीच वेगात असतं, मासा तोंड मारून वळतो, आणि बारीक टोकदार हुक त्या वळण्यानेच आत शिरतो. झटका द्यायची गरज नसते. रॉड आडवा, एका संथ ओढीने मागे नेला की पुरतं. दणका दिला की उलट हुक निसटतो किंवा नुसती कातडी पकडतो. पुढचा धोका ल्यूरच्या अंगाचा. मऊ बेडूक तोंडात चेपला जातो, क्रँकबेट मात्र टणक असतं. एक ट्रेबल ओठात आणि दुसरा मोकळा, अशा वेळी मासा डोकं झटकतो तेव्हा ते टणक अंग तरफेसारखं काम करतं आणि हुक उचकटतं. ताण जितका जास्त तितकी तरफ जोरात. शिवाय बऱ्याचदा हुक जबड्याबाहेर, गालाच्या कातडीत असतो. ती पकड दीड किलो सहज पेलते, साडेतीन किलोला फाटते. दुसरा मासा असाच गेला. काठाशी तर दोरी दोन मीटरच उरलेली, ब्रेडला ताण खायची सवयच नाही, कडक रॉड हलत नाही, मग शेपटीचा तो तडाखा कोण झेलणार? ड्रॅगने झेलायला हवा होता, आणि तो चिकटलेला होता.

म्हणून रॉडही बदलला. माझा जुना, मध्यापर्यंत वाकणारा मऊ रॉड त्याला दिला. माझं मत असं की क्रँकबेटला रॉड मऊ असणं ड्रॅगइतकंच महत्त्वाचं आहे. ड्रॅग सुटायच्या आधीचा पहिला क्षण रॉडच सांभाळतो. लीडरही हातभर न ठेवता चार मीटर नायलॉनचा जोडला. नायलॉन ताणतं, ब्रेड जवळजवळ नाहीच.

राहिला खोडांचा प्रश्न. सैल ड्रॅगवर मासा खोडात शिरला तर? हा प्रश्न भाच्याने विचारला आणि तो रास्त आहे. नॉब फिरवून हा प्रश्न सोडवायचा नाही, कारण भर लढाईत अर्धा फेरा जास्त गेला तर किती किलो वाढले ते कळत नाही, आणि परत मागे आणायचं भानही राहत नाही. त्याऐवजी स्पूलच्या कडेला बोट टेकवायचं. मासा खोडाकडे वळला की बोटाचा दाब वाढवायचा, डोकं झटकू लागला की उचलायचं. बोट क्षणात सोडता येतं, नॉब नाही. रॉड वर न उचलता बाजूला, पाण्याच्या समांतर धरून माशाचं डोकं खोडापासून वळवायचं. आणि अचानक मोठी धाव घेतली तर रॉडचं टोक त्याच्या दिशेने झुकवायचं. कड्यांचं घर्षण कमी होतं आणि वाकलेल्या रॉडचा वाढीव आकडा पुन्हा थेट रीलच्या आकड्याकडे उतरतो. एक सवय मात्र मोडावी लागली. ड्रॅग सरकत असताना हा हँडल फिरवतच राहायचा. स्पिनिंग रीलमध्ये त्याने दोरी आत येत नाही, फक्त पीळ पडतो, हँडलच्या प्रत्येक फेऱ्याला पाच-सहा पीळ. मासा पळतोय तोवर हात थांबवायचा. आणि जिथे खोडांचं रानच आहे तिथे माझ्या मते बारीक ट्रेबलचं क्रँकबेट टाकूच नये. जाड हुक, जाड लीडर लावा आणि त्या हिशोबाने ड्रॅग वाढवा, किंवा जागा सोडा.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी परत गेलो. पाणी आणखी उतरलेलं, कडेच्या चिखलाला भेगा पडलेल्या. काठावर बसण्याआधी भाच्याने काटा काढून ड्रॅग मोजला, मी रॉड धरला. १.३.

पावणेआठला पहिला लागला. त्याने झटका दिला नाही, रॉड आडवा ओढला. मासा धावला आणि रीलमधून आवाज आला, तुटक नाही, सलग, शिवणयंत्र चालावं तसा. पंधरा-वीस मीटर दोरी गेली. भाच्याचा हात नॉबकडे गेला. मी म्हटलं, "हात काढ. पळू दे." त्याने काढला. जाळी सुकवत बसलेले एक म्हातारबाबा दुरूनच ओरडले, "पळू द्या त्येला, दमला का येतोय तो!" चार मिनिटं लागली. काठाशी त्याने तसाच वळसा घेतला, तसाच शेपटीचा तडाखा मारला, आणि या वेळी रीलने अर्धा मीटर दोरी आपणहून दिली. हुक बघितला तर पुन्हा गालाच्या बाहेरच्या कातडीतच होता, पण कातडी फाटली नव्हती. पकडीने हुक सोडवून, डोकं पाण्यात धरून ठेवलं, शेपटी हलली तशी सोडून दिला.

दुसरा तासाभराने, थोडा लहान, तोही आला. तिसरा खोडात गेला. बोट टेकवलं, रॉड आडवा केला, सगळं केलं, तरी गेला. दोरी खोडाला गुंडाळली आणि लीडर घासून तुटला. टोक खरखरीत, पांढरं पडलेलं होतं. गाठीशी किंवा ताणाने तुटलेलं टोक असं नसतं. ड्रॅग आणखी घट्ट असता तर तो वाचला असता का, यावर परतीच्या वाटेवर वाडीवऱ्ह्यापासून पाथर्डी फाट्यापर्यंत आमचा वाद चालला. त्याचं म्हणणं वाचला असता. माझं म्हणणं, तो टाकच तिथे नको होता.

घरी आल्यावर त्याने रील पुसलं, नॉब पूर्ण सैल केली, आणि तुटलेल्या लीडरचा तुकडा त्या जुन्या डबीत ठेवला.